ताराबाई शिंदे यांनी वाचलेली पुस्तके

मराठी माणसाला ‘आद्य’ या शब्दाचे मोठे प्रेम आहे. बाळशास्त्री जांभेकर आद्य पत्रकार, वासुदेव बळवंत फडके आद्य क्रांतिकारक, विष्णुदास भावे आद्य नाटककार. शाळांच्या भिंतींवर थोर व्यक्तींचे तक्ते लागतात, त्यांत प्रत्येक चित्राखाली एक ओळ असते आणि त्या ओळीत बहुधा हा शब्द असतो. काही वर्षांपूर्वी अशाच तक्त्यांच्या एका स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीने ताराबाई शिंदे यांना तक्त्यात जागा दिली होती, याचे मला कौतुक वाटले. चित्राच्या चौकटीत तिने दौत आणि टाक काढले होते. खाली लिहिले होते : आद्य स्त्रीवादी लेखिका, ग्रंथ ‘स्त्रीपुरुषतुलना’, १८८२. मी विचारले, ‘‘पुस्तकात काय आहे गं?’’ ती म्हणाली, ‘‘पुरुषांवर टीका.’’

उत्तर चूक नव्हते. पूर्ण गुण दिले. परतताना मात्र वाटत राहिले की हाच प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मीही थोड्या जड शब्दांत तेच सांगितले असते. पुस्तक मी विद्यार्थिदशेत वाचले होते, त्यातले दोन-तीन उतारे वर्गात वापरले होते, एका परिसंवादात त्यावर बोललोही होतो. पण बोललो होतो ते तिच्या धाडसाविषयी, काळाविषयी, ‘आद्य’पणाविषयी. पुस्तक काय करते, कशाने करते, याविषयी जवळजवळ काहीच नाही. त्यानंतर मी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा सावकाश वाचले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ताराबाई बंडखोर होत्या यात वाद नाही. पण या पुस्तकातल्या ताराबाई सर्वांत आधी वाचक आहेत. वर्तमानपत्र, सुभाषित, पुराण, नाटक, कादंबरी असा जो छापील वा पाठांतराचा मजकूर त्यांच्या घरापर्यंत पोचला, तो त्यांनी कसा वाचला याची ही नोंद आहे. तिला आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून जपतो आणि वाङ्मयसमीक्षेच्या इतिहासात तिचा उल्लेखही करत नाही. हे का झाले आणि त्यात आपले काय हुकले, हा माझा विषय आहे.

‘आद्य’ या शब्दाची एक अडचण आधीच सांगून टाकतो. ज्याला आद्य म्हणायचे त्याच्या मागे परंपरा असावी लागते. ताराबाईंचे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यानंतर ते वाचकांच्या नजरेसमोर आले ते १९७५ साली, स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा. मधली ९३ वर्षे. या काळात मराठीत स्त्रियांनी पुष्कळ लिहिले, काहींनी तर ताराबाईंहून धीट लिहिले. पण त्यांच्या हातात हे पुस्तक नव्हते. शिवाय १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आलेला मुक्ता साळवे या मुलीचा निबंध आहेच. म्हणजे मागे पाहिले तर आणखी कोणी, पुढे पाहिले तर कोणीच नाही. पहिले कोण, हा वाद घालत बसायला मला उत्साह नाही.

पुस्तकाला निमित्त झाले ते एका खटल्याचे. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याचा आरोप होता. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी कमी होऊन पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांतून या प्रकरणावर खूप लिहिले गेले. विधवेला पुनर्विवाहाची कायद्याने मुभा मिळून तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले त्यालाही अठरा वर्षे होऊन गेली होती. तेव्हा विजयालक्ष्मीवर जे ओढवले ते का ओढवते, हे समाजाला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही सनातनी वळणाच्या ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रियांच्या चालचलणुकीवर, विशेषतः नव्या चालीच्या स्त्रियांवर, तोंडसुख घेतले. ताराबाई पेटल्या त्या इथे.

त्यांच्या घराची माहिती थोडी आहे, पण बोलकी आहे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक मंडळींतले. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. लग्न झाले ते घरजावई करून, त्यामुळे ताराबाई माहेरीच राहिल्या. वऱ्हाडातल्या मराठा घरातली ही बाई. पडद्याच्या, रीतिरिवाजाच्या जाचाविषयी ती प्रस्तावनेतच बोलते आणि आपली भाषा खडबडीत वाटली तर सांभाळून घ्या, असेही सांगते. ही विनंती मला नेहमी थोडी लबाडीची वाटत आली आहे. पुढच्याच पानांवर ती ज्या हातोटीने समोरच्याला पकडते, ती हातोटी चुकून साधत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. ‘पुणेवैभवा’च्या लेखकाने काय केले? एका स्त्रीच्या कृत्यावरून सगळ्या स्त्रियांविषयी निष्कर्ष काढला. ताराबाईंनी यातला अन्याय तर पाहिलाच. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी यातली रीत पाहिली, हे. ही रीत त्यांना ओळखीची होती, कारण ती त्यांनी आधी पुस्तकांत पाहिली होती. म्हणून त्या एका लेखाला उत्तर देऊन थांबल्या नाहीत. ती रीत जिथे जिथे आढळली ते सारे वाङ्मय त्यांनी पुढ्यात ओढले.

त्यांतला पहिला मोठा ऐवज म्हणजे स्त्रीनिंदेचा संस्कृत श्लोक. भर्तृहरीच्या नावावर प्रसिद्ध असलेला हा श्लोक स्त्रीच्या माथी एकापाठोपाठ एक दोष मारत जातो, आणि पुराणिकाच्या तोंडी तो सर्रास असे. ताराबाईंच्या जागी दुसरा कोणी असता, तर श्लोक खोटा म्हणून मोकळा झाला असता. किंवा स्त्रीस्तुतीचा दुसरा श्लोक शोधून त्याच्यासमोर ठेवला असता. सुधारक मंडळी तेच करीत, वचनाला वचन. ताराबाई तसे करीत नाहीत. त्या श्लोकातली विशेषणे एकेक करून सुटी करतात, प्रत्येकाचा अर्थ सांगतात आणि विचारतात : हा गुण आमच्यात आहे असे म्हणता, तुमच्यात नाही? मग घरातली, कचेरीतली, बाजारातली उदाहरणे येतात. संशय कोणाला जास्त येतो? बेधडक कृत्ये कोण करतो? कपट कोणाचे? एक कलम संपले की दुसरे. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी चालावी तसे हे चालते. पुस्तकाच्या नावातली ‘तुलना’ ती हीच. आरोपपत्र तेच ठेवायचे, आरोपी तेवढा बदलायचा.

संस्कृत कवितेचे असे वाचन त्या काळी मराठीत दुसरे कोणी केल्याचे मी पाहिलेले नाही. टीका म्हणजे पदांचा अन्वय आणि अलंकारांची ओळख. ते शास्त्रीबोवा करीत. ताराबाई अन्वयच लावतात, पण कवीने न केलेला प्रश्न अन्वयात घालतात : हे सांगणारा कोण, आणि त्याला हे कसे कळले?

हाच प्रश्न त्या नव्या वाङ्मयाला लावतात. इथे चार पुस्तकांची नावे येतात. रामजी गणोजी चौगुले यांचे ‘स्त्रीचरित्र’, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आणि महादेव बाळकृष्ण चितळे यांचे ‘मनोरमा’ नाटक. ‘स्त्रीचरित्र’ १८५४ च्या सुमाराचे, ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची, ‘मनोरमा’ १८७१ चे. मराठी कादंबरी आणि नाटक हे छापील रूपात तेव्हा पुरते वयातही आले नव्हते. आज ही पुस्तके वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणापुरती उरली आहेत; परीक्षेसाठी सालांसह पाठ करायची आणि विसरायची. पण १८७०-८० च्या दशकात लोक ती आवडीने वाचत होते. एखादी नवी गोष्ट सुशिक्षित घरात वाचली जाई, आणि दिवाणखान्यातून ती माजघरात पोचे. बुलढाण्याच्या घरात ती पोचली.

ही चार पुस्तके एका माळेतली नाहीत, हे ताराबाईंना कळत नव्हते असे नाही. ‘स्त्रीचरित्र’ उघडच बायकांच्या कारस्थानांच्या गोष्टी सांगणारे. ‘मुक्तामाला’ सद्गुणी नायिकेची. ‘मंजुघोषा’ राजकन्या, राजपुत्र आणि अद्भुत योगायोग यांची. ‘मनोरमा’ सामाजिक प्रश्नाला हात घालू पाहणारे नाटक. तरी त्या या सगळ्यांना एकत्र बोलावतात, कारण त्यांना जे विचारायचे आहे ते सगळ्यांना सारखेच लागू आहे. अशा घटना घडताना कोणी पाहिल्या आहेत? अशा बाया तुमच्या गावात, तुमच्या घरात आहेत का? नसतील, तर त्या गोष्टी वाचून तुम्ही घरातल्या बाईकडे संशयाने का पाहता?

शेवटचा प्रश्न नीट पाहिला पाहिजे. कादंबऱ्यांतले सारे असंभाव्य आहे, ही तक्रार ताराबाईंच्या आधीही होती. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ १८७२ चा आहे, म्हणजे ‘तुलने’च्या दहा वर्षे आधीचा. तेव्हा ताराबाईंना आद्य कादंबरीसमीक्षक ठरवायचा मोह कोणाला होत असेल तर त्याने तो आवरावा. एक ‘आद्य’ काढून दुसरा चिकटवण्यात काही मिळवले असे होणार नाही. पण मराठ्यांची चर्चा आणि ताराबाईंची चर्चा यांत फरक आहे. मराठ्यांसमोर प्रश्न आहे तो ग्रंथाचा : नावल कशी असावी, कशी नसावी. ताराबाईंसमोर प्रश्न आहे तो ग्रंथ मिटल्यानंतरचा. पुस्तक बाजूला ठेवून वाचक उठतो तेव्हा काय घेऊन उठतो, आणि ते कोणावर वापरतो? गोष्टीतली कपटी बाई ही कोणीतरी बसून रचली आहे. वाचणारा ती विसरत नाही. घरात बायकोला यायला उशीर झाला की ती बाई त्याच्या डोक्यात जागी होते. कल्पित पात्र असे पुराव्याच्या जागी जाऊन बसते.

वाङ्मयाच्या परिणामाचा विचार मराठीत पुढे पुष्कळ झाला. बहुतेक वेळा तो नीती आणि अनीतीच्या अंगाने झाला. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतील, ही चिंता किती दशके पुरली ते आपण जाणतो. ताराबाईंनी १८८२ मध्ये ती चिंता उलट टोकाने धरली होती. कादंबऱ्या वाचून बिघडतो आहे तो पुरुष. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ चा. तो निबंध विद्वत्तेने ओतप्रोत आहे, युरोपातल्या कादंबऱ्यांची त्यात ये-जा आहे. पण स्त्रियांच्या अंगाने कादंबरी वाचली तर काय दिसेल, हा विचार त्याला शिवत नाही. वीस वर्षांपूर्वी कोणी तो केला होता हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मला वाटते, हुकले ते इथे.

या पुस्तकावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो मी टाळणार नाही. ताराबाई एकांगी आहेत, एका स्त्रीवरून सगळ्या स्त्रियांना दोष देऊ नका म्हणतात आणि स्वतः मात्र सगळ्या पुरुषांना एका दोरीत बांधतात. विधुराने मिशा काढून रानात का जाऊ नये, असे त्या विचारतात. नवरा देव म्हणवून घेतो तर त्याने देवासारखे वागू नये का, असे विचारतात. यांत न्यायबुद्धी कुठे आहे?

आक्षेप अर्धा खरा आहे. खऱ्या भागाकडे नंतर येतो. खोटा भाग असा की, हा सरसकटपणा त्यांचा नाही, उसना आणलेला आहे. ‘पुणेवैभवा’ने जे हत्यार वापरले, श्लोकाने जे वापरले, गोष्टीच्या पुस्तकांनी जे वापरले, तेच उचलून त्या पुरुषांवर चालवतात आणि पुरुषाला ते लागते. लागले की तो म्हणतो, सगळे पुरुष तसे नसतात. त्याने हे म्हणावे म्हणूनच तर सारा खटाटोप. विधुराच्या मिशांचा प्रश्न मुद्दाम हास्यास्पद केला आहे. तो हास्यास्पद वाटला तर विधवेच्या केशवपनाचे काय, हे वाचकाला स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते. संतापून लिहिलेले पुस्तक म्हणून आपण ते वाचतो, तेव्हा ही रचना दिसत नाही. संताप आहेच, पण तो कलमवार मांडलेला आहे.

याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्येच, पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. रमाबाईंचे पुस्तक स्त्रियांना उद्देशून आहे, त्यांनी शिकावे, स्वतःला सुधारावे, संसार नीटनेटका करावा असे ते संस्कृतप्रचुर मराठीत सांगते. ते खपले; त्याच्या विक्रीतून रमाबाईंच्या इंग्लंडच्या प्रवासाला हातभार लागला. ताराबाईंचे पुस्तक पुरुषांना उद्देशून आहे. सबंध पुस्तकभर ‘तुम्ही’ म्हणजे पुरुष. स्त्रियांना उपदेश करणाऱ्या पुस्तकाला विकत घेणारा पुरुष मिळतो, त्याच पुरुषाला जाब विचारणाऱ्या पुस्तकाला तो कसा मिळावा? पुढच्या वीस वर्षांत रमाबाई स्वतः किती दूर गेल्या, हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे या तुलनेत त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पण १८८२ पुरते बोलायचे तर, मराठी गद्यात दोन वेगळे आवाज एकाच वर्षी उमटले आणि त्यांतल्या एकालाच श्रोते होते.

आणि त्या ‘तुम्ही’विषयी आणखी एक. आज हे पुस्तक स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमात असते आणि बहुतांशी विद्यार्थिनी ते वाचतात. ज्यांना उद्देशून लिहिले ते मात्र त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. मी स्वतः ते इतकी वर्षे ‘तिची कैफियत’ म्हणून शिकवत होतो. पुस्तकातला ‘तुम्ही’ मी आहे, ही साधी गोष्ट दुसऱ्या वाचनात कळली.

भाषेबद्दल बोलायला हवे, कारण त्यांच्या भाषेला रांगडी म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. त्यांची ‘निबंधमाला’ आठ वर्षे चालली होती आणि मराठी निबंध कसा लिहावा हे तिने ठरवून टाकले होते : लांब, तोललेले वाक्य, उपहास करायचा तोही पंडिताच्या थाटात, मधूनमधून इंग्रजी ग्रंथकारांची साक्ष. ताराबाईंच्या वाक्याला हा थाट नाही. ते घरात भांडताना येते तसे येते, एका प्रश्नातून दुसरा काढत, म्हणी झोडत, मध्येच देवाला हाक मारत. पण उपहासाच्या जातीत दोघे सख्खे आहेत. चिपळूणकरांनी लोकहितवादींना आणि फुल्यांना ज्या रीतीने सोलले, ती रीत ताराबाईंना येत होती. फक्त चिपळूणकर व्याकरणाच्या चुका काढत आणि ताराबाई वर्तनाच्या. सुधारकांच्या सभांचीही त्या खिल्ली उडवतात. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, घरी जाऊन काय केले? इंग्रजी पोशाख, इंग्रजी खाणेपिणे चालते, आणि बाईचा विषय निघाला की धर्म आठवतो, हे त्यांचे टोमणे आजही नेमके लागतात. त्यांचा परिच्छेद कधी कधी वाहवतो, हे मान्य करायला हवे. एकच मुद्दा तीनदा येतो. संपादक भेटला असता तर पुस्तक पाऊण झाले असते. पण त्याने कोणता भाग कापला असता, याची कल्पना करताना भीतीही वाटते.

आता आक्षेपाचा खरा भाग. ताराबाईंचे वाचन जिथे थकते त्या जागाही पुस्तकात आहेत. पातिव्रत्याचा आदर्श त्या मोडत नाहीत. नवरा नीट वागला तर बायको त्याला देव मानील, हा सौदा त्यांना मान्य आहे. पुराणातल्या देवांच्या आणि ऋषींच्या वागण्यावर त्या तुटून पडतात, पतिव्रतांच्या कथा मात्र सहसा तेवढ्या कठोरपणे तपासत नाहीत. आणि त्यांचा ‘आम्ही’ कोण? तो बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आत राहणारी, कुलीन घरातली बाई आहे. शेतावर, रस्त्यावर, गिरणीत राबणाऱ्या बाईला हा जाच कसा वेगळा लागतो, याकडे लक्ष फारसे जात नाही. उलट विजयालक्ष्मी ब्राह्मण विधवा असताना एका मराठा बाईने तिच्यासाठी लेखणी उचलली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने मोठी होती. ब्राह्मण पत्राने टाकलेल्या ब्राह्मण बाईची वकिली सत्यशोधकाच्या मुलीने केली. जातीचा असा ओलांडलेला उंबरा आणि न ओलांडलेला उंबरा, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत.

स्वागत काय झाले? जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख आपुलकीने केला आणि त्यांच्या पुस्तकाची बाजू घेतली. ही घटना नेहमी अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगावीच. पण ती बाजू घ्यावी लागली, यावरून बाकीच्यांनी काय म्हटले असेल याचा अंदाज येतो. फुल्यांच्या जवळच्या माणसांनाही हे पुस्तक सहजी पचले नव्हते. त्यानंतर ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. टीकेने त्या खचल्या, असे लिहायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. नऊ आण्यांच्या पाचशे प्रती, छापखाना पुण्यात आणि लेखिका बुलढाण्यात. दुसरे पुस्तक न निघण्याला एवढे कारण पुरते.

मालशे यांचे ऋण मोठे आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, स्त्रीमुक्तीची चळवळ महाराष्ट्रात आकार घेत होती, आणि पुस्तक अगदी वेळेवर आले. मात्र वेळेवर येण्याची किंमत त्याला मोजावी लागली. चळवळीला पूर्वज हवा होता, तो मिळाला. पूर्वजाचा आपण फोटो लावतो, त्याची पत्रे वाचतोच असे नाही. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर विस्तृत प्रस्तावनेसह आले आणि ताराबाई जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेल्या. मराठीत मात्र उताऱ्यांचे राज्य सुरू झाले. विधुराच्या मिशा, नवरा-देव, आणखी एखादा उतारा, संपले. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांची नावे घेणारी पाने उताऱ्यांत येत नाहीत. कारण उघड आहे, ती कळायला ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ वाचाव्या लागतात.

मी ‘मंजुघोषा’ या पावसाळ्यात वाचली. कंटाळलो, हे कबूल करतो. पण ‘तुलना’ शेजारी ठेवून वाचल्यावर कंटाळा थोडा बदलला. पानोपानी वाटत राहिले की हे पान बुलढाण्यात कोणीतरी कपाळाला आठ्या घालून वाचले आहे. वाङ्मयेतिहासात आपल्याला त्या काळची पुस्तके भेटतात, त्यांचे लेखक भेटतात. वाचणारा भेटत नाही. बाईमाणूस वाचक तर नाहीच. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कादंबरीच्या स्त्री-वाचकाचा असा सविस्तर, सही केलेला जबाब माझ्या माहितीत हा एकच आहे, आणि तो आपण समाजसुधारणेच्या कपाटात ठेवला आहे.

त्या कपाटातून तो काढला तर कादंबरीच्या इतिहासाचीही एक जागा वेगळी दिसू लागते. १८८५ साली, म्हणजे फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली त्याच वर्षी, हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. राजकन्या गेल्या, योगायोग गेले, पुण्यातली माणसे आली. पाच वर्षांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ सुरू झाली आणि विधवेच्या केशवपनाचा प्रसंग मराठी वाचकाला यमूच्या तोंडून, तिच्याच ‘मी’तून ऐकावा लागला. अशा बाया तुमच्या घरात आहेत का, या प्रश्नाला मराठी कादंबरीने दिलेले ते पहिले होकारार्थी उत्तर म्हणता येईल. आपट्यांवर ताराबाईंचा प्रभाव होता, असे मला सुचवायचे नाही. ‘तुलना’ निघाली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि त्यांची वाट वेगळी होती. ‘मधली स्थिती’ ज्या पत्रातून क्रमशः आली त्याचे नाव मात्र नोंदवतो. ते ‘पुणेवैभव’.